पंच क्रमांक दोन

"हात वर करून उभं राहायचं, एवढंच," बाबर नाना म्हणाले. "घरमालकाला सांगायचं, घ्या आमची झडती. तो म्हणतो, राहू द्या. की आपण आत."

जीपच्या मागच्या बाकांवर आम्ही समोरासमोर बसलो होतो. बाबर नाना आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतले शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तोवर त्यांच्या एकोणीस पंचनाम्यांवर सह्या झाल्या होत्या. घराची झडती घ्यायची तर पोलिसांना दोन पंच लागतात, जे घडलं ते आमच्यासमोर घडलं असं सांगणारे. सरकारी नोकर त्यांना बरा पडतो, तो पुढं कोर्टात शब्द फिरवत नाही. त्या सकाळी आमच्या साहेबांना पत्र आलं होतं : एक पुरुष, एक स्त्री. आमच्या कार्यालयात स्त्री मी एकटीच होते.

"पण आपली झडती कशाला?" मी विचारलं.

"आपण खिशातनं काही नेऊन तिथं टाकलं तर? म्हणून आधी आपण रिकामे आहोत हे दाखवायचं. जुना नियम आहे."

"आणि त्यांनी खरंच घेतली तर?"

"एकोणीस वेळा गेलो, ताई. कुणी घेत नाही. दारात पोलीस आल्यावर माणसाला स्वतःचे हात कुठं ठेवावेत ते कळंना झालेलं असतं. तो आपले खिसे कशाला बघतोय."

पुढं ड्रायव्हरशेजारी सहायक निरीक्षक पाचारणे बसले होते. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी मान न वळवताच एक फाइल मागं दिली.

"मॅडम, वाचून ठेवा. नंतर घाई होते."

दोन पानं टाईप केलेली होती. वेळेच्या जागा तेवढ्या कोऱ्या. 'आम्ही पंच व पोलीस स्टाफ यांनी आपली अंगझडती देऊ केली असता सदर महिलेने ती घेण्यास नकार दिला.' त्याच्या खाली : 'सदर महिलेने आपला मोबाईल फोन स्वखुशीने उघडून दिला.'

"हे अजून घडायचंय," मी म्हणाले.

"घडेल की," पाचारणे म्हणाले.

आमच्याकडे निकाल आधी लिहून मग नमुना तपासला तर त्याला लबाडी म्हणतात. हे मी बोलले नाही. कारण तेवढ्यात माझी नजर पानाच्या माथ्यावर गेली होती. श्रीमती वैजयंता ढेरे, जिल्हा परिषद शिक्षिका, मौजे बोरतळ.

तीन आठवड्यांपूर्वी याच ढेरेबाई दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, खांद्याला शबनम, शबनममध्ये पाण्याची बाटली. बोरतळच्या गावविहिरीचं पाणी. बाटली उजेडात धरली तर किंचित पिवळसर दिसत होतं. "वर्गातल्या बावीस पोरांच्या तोंडात फोड आहेत," त्या म्हणाल्या. "बायकांच्या हातांची सालं निघतात. विहिरीच्या वरच्या अंगाला लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवायचा कारखाना आहे. ग्रामपंचायत पत्र देत नाही." ग्रामपंचायतीच्या पत्राशिवाय आम्ही नमुना घेत नाही. पत्र नाही तर नमुन्याला क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही तर नोंदवहीत ओळ नाही. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी बाटली टेबलावरच ठेवली आणि त्या गेल्या.

संध्याकाळी मी ते पाणी तपासलं. क्रोमियमची तपासणी साधी असते : द्रावण टाकलं की पाणी जांभळं होतं, जेवढं क्रोमियम जास्त तेवढं गडद. ते इतकं गडद झालं की मला नमुना दहा पट पातळ करून पुन्हा मोजावा लागला. तीनदा मोजला. मग बाटलीवर लिहिलेल्या ढेरेबाईंच्या नंबरवर फोनवरून संदेश पाठवला : '०.६२. मर्यादा ०.०५ आहे. पिऊ नका. माझं नाव कुठं घेऊ नका.' त्यांनी उत्तर पाठवलं : 'नाही घेणार.'

त्यांनी आकडा गावाच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत तो तालुकाभर फिरला. लोकांनी कारखान्याचं फाटक अडवलं. पंधराव्या दिवशी एक अधिकृत नमुना घेतला गेला, तो विहिरीचा नाही, शाळेमागं नव्यानं मारलेल्या बोअरचा, आणि तो स्वच्छ निघाला. मग कारखान्यानं तक्रार दिली : खोटी अफवा पसरवून भीती निर्माण केली.

माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होती. सरकारी रसायनं वापरून विनानोंद नमुना तपासणं आणि त्याचा निकाल बाहेर देणं, एवढ्यावर ते कंत्राट तर संपलंच असतं, शिवाय त्या पानाच्या माथ्यावर दुसरं नाव माझं आलं असतं. तो संदेश दोन फोनांत होता. एक ढेरेबाईंच्या घरात, जिथं आम्ही निघालो होतो. दुसरा माझ्या पर्समध्ये.

मला पंच म्हणून नेण्यामागं पोलिसांना काही माहीत होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

"गाडी लागते का, मॅडम?" पाचारण्यांनी आरशातून विचारलं.

"नाही."

"घाम आलाय तुम्हाला."

पर्स उघडून फोन काढावा आणि तो संदेश पुसावा, हा विचार मी बोरतळ येईपर्यंत केला. आरसा माझ्याकडेच वळलेला होता.

बोरतळ तालुक्यापासून सोळा किलोमीटर. ढेरेबाईंचं घर शाळेच्या मागच्या आळीत, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आळीतली दारं एकामागून एक लागत गेली. दोन गाड्यांतून आम्ही पाच जण उतरलो : पाचारणे, एक हवालदार, एक महिला शिपाई, बाबर नाना आणि मी.

पडवीत खाटेवर बाईंची सासू पडून होती. खूप म्हातारी, पण आवाज खणखणीत.

"कोण हाय गं?"

"पोलीस आहेत, आत्या."

"मग चपला बाहेर काढायला सांग. सकाळीच सारवलंय."

हवालदारानं बूट काढायला वाकल्यासारखं केलं आणि साहेबांकडं बघून तो परत सरळ झाला.

ढेरेबाई दारात उभ्या होत्या. हातांना पीठ होतं. त्यांनी सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं. माझ्यावर त्यांची नजर इतरांइतकीच थांबली, ना कमी ना जास्त.

"कोर्टाचा कागद आहे?" त्यांनी विचारलं.

"एकशे पासष्ट कलमाखाली लागत नाही, बाई," पाचारणे म्हणाले.

"त्यात आधी कारण लिहून काढावं लागतं. काय शोधायचं आणि थांबायला वेळ का नाही ते. लिहिलंय?"

"तुम्ही वकील आहात का?"

"सातवीला नागरिकशास्त्र शिकवते."

"अस्सं," पाचारणे हसले. "बाई, पुस्तकातलं परीक्षेला चांगलं असतं. बाजूला व्हा."

बाई बाजूला झाल्या नाहीत. नानांनी परिस्थिती सांभाळायला म्हणून हात वर केले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "घ्या बाई, आमची अंगझडती घ्या, आमच्याजवळ काही नाही."

"बरं," ढेरेबाई म्हणाल्या. "घेते."

नाना हात वर करून तसेच राहिले.

"घेते म्हणजे?"

"नियम आहे ना? मग घेते."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदा पाचारण्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाचारणे नाही म्हणू शकले असते. पण आळीतली दारं लागलेली असली तरी खिडक्या लागलेल्या नव्हत्या. त्यांनी खांदे उडवले. बाईंनी त्यांच्या खिशातून एकेक वस्तू काढून खाटेच्या कडेला मांडली. कंगवा. रुमाल. खोकल्याच्या गोळ्या. साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पट्टी.

"जेवणाआधी की नंतर?" बाईंनी विचारलं.

"आधी."

"मग लवकर उरका. साडेअकरा होतील."

नानांच्या खिशातून तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि शाळकरी मुलीचा एक फोटो निघाला. "नात," नाना हळूच म्हणाले. "कितवीला?" "चौथीला." बाईंनी फोटो त्यांच्या खिशात पुन्हा जसा होता तसा, तोंड आत करून ठेवला. मग हवालदार झाला, महिला शिपाई झाली. मग त्या माझ्यासमोर आल्या.

त्यांच्या अंगाला पिठाचा वास होता. पर्समधून त्यांनी डबा काढला, पाण्याची बाटली काढली, पेन काढलं. मग फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"उघडा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाई, अंगझडती म्हणजे अंगावरचं," पाचारणे म्हणाले. "फोन त्यात येत नाही."

"माझा घरात पडलाय तो येतो आणि यांचा हातातला येत नाही?"

"तो खासगी असतो," मी म्हणाले.

उत्तर पाचारण्यांनी दिलं. त्यांनी आतापर्यंत माझ्याकडं नीट पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं.

"दाखवा की मॅडम. एक मिनिटाचं काम. तुमच्याकडे लपवण्यासारखं काय असणार?"

मी अंगठा लावला.

बाईंनी फोन घेतला आणि त्या खिडकीपाशी गेल्या. "चष्मा आत राहिला. उजेडात बघते," म्हणाल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मला दिसत होतं ते एवढंच, की त्यांचा उजवा अंगठा हलतो आहे. मी त्या वेळी त्यांचा इतका द्वेष केला, जितका पुढं कधी कुणाचा केला नाही. मला वाटलं, त्या तो संदेश शोधताहेत. शोधून वळतील आणि म्हणतील, ही घ्या, हिनंच आकडा दिला, मला एकटीला का नेता.

त्या वळल्या.

"पुष्कळ फोटो आहेत मांजराचे," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्या पर्समध्ये ठेवून त्यांनी पर्सची चेन स्वतः लावली. "झालं. या आत."

घरात बघण्यासारखं फार काही नव्हतं. हवालदारानं कपाट उघडलं, गाद्या उलटवल्या, पिठाच्या डब्यात हात घातला. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा सोडून तो जमिनीवर पसरला. फोन देवाच्या फळीवर होता. पाचारण्यांनी तो घेतला.

"उघडा, बाई."

"नाही उघडणार. कोर्टाचा हुकूम आणा, त्यांच्यासमोर उघडते."

"मॅडमनी उघडला ना? त्या तुमच्यापेक्षा जास्त शिकल्यात."

"त्यांनी मला उघडून दिला. तुम्हाला नाही."

पाचारणे माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतील."

नाना जमिनीकडं बघत होते. मला एवढंच हवं होतं की पाचारण्यांची नजर माझ्यावरून हटावी.

"द्या उघडून, बाई," मी म्हणाले. "काही होत नाही."

ढेरेबाईंनी मान हलवली, पण ती नकाराची होती की मला काही कळल्याची होती, ते मला ओळखता आलं नाही. महिला शिपाईनं त्यांचं मनगट धरलं. बाईंनी मूठ आवळली होती. हवालदारानं बोटं सोडवली. पहिल्यांदा फोन उघडला नाही, कारण अंगठा ओला होता. शिपाईनं तो बाईंच्याच पदराला पुसला आणि पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उघडला.

"अगं काय करतायत तुला?" पडवीतून सासूनं विचारलं.

"काही नाही, आत्या. सही घेतायत."

पाचारणे पडवीत येऊन खुर्चीवर बसले आणि वाचू लागले. मी त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी राहिले. माझं नाव कुठल्याही क्षणी त्यांच्या तोंडून निघेल म्हणून मी श्वास मोजत होते. ते एकेक नाव घेत होते. मुख्याध्यापक. गॅसवाला. पालक सभा. मग त्यांची बोटं एका ठिकाणी थांबली आणि ते मोठ्यानं वाचू लागले, सवय असल्यासारखं, विशेष रस न घेता.

"'माई, म्हातारी आता सगळं अंथरुणातच करते. रात्री दोनदा धुवावं लागतं. कधी कधी वाटतं, देवानं सोडवावं एकदाचं. तिला नाही, मला.' ही माई कोण?"

"बहीण," बाई म्हणाल्या.

"पाण्याबद्दल काही लिहिलंय का तिला?"

"नाही."

ते पुढं वाचत गेले. खाटेवरच्या म्हातारीनं गोधडी हळूहळू वर ओढली, आधी छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत, मग तोंडावर. आळीतल्या एका खिडकीत कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ढेरेबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. सगळ्या झडतीत त्यांचा चेहरा बदलला तो तेवढ्या एका वेळी.

माझं नाव आलं नाही. पाचारण्यांनी फोन पुन्हा वरपासून तपासला. तरी आलं नाही.

"पुसलंय," ते म्हणाले. "बरं. बाई, हा शून्य पूर्णांक बासष्ट आकडा कुणी दिला?"

"मीच काढला."

"कुठं?"

"शाळेच्या प्रयोगशाळेत."

"शाळेत प्रयोगशाळा आहे?"

"एक कपाट आहे."

पाचारणे हसले नाहीत. त्यांनी पुन्हा मान वळवली. त्या दिवशी ते माझ्याकडं तिसऱ्यांदा वळले.

"मॅडम, तुमचा विषय आहे. शाळेच्या कपाटातनं असा आकडा निघतो?"

त्या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. त्यासाठी लागणारं यंत्र तालुक्यात एकच होतं आणि ते माझ्या टेबलावर होतं. मी नेहमी विचारलं तेवढ्याचंच नेमकं उत्तर देत आले आहे. शाळेत, घरी, तोंडी परीक्षेत, मुलाखतीत. माझं सगळ्यांनी कौतुक केलं ते त्यासाठीच.

"नाही," मी म्हणाले. "शाळेत निघत नाही."

पाचारण्यांनी खिशातून पेन काढलं आणि टाईप केलेल्या पानाच्या तळाशी, मोकळ्या जागेत, स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'पंच क्रमांक दोन या स्वतः रसायनतज्ज्ञ असून, सदर आकडा शाळेत निघू शकत नाही असे त्यांनी समक्ष सांगितले.' दोन्ही पानांत हातानं लिहिलेलं वाक्य ते एकच.

"म्हणजे बनवलेला," ते बाईंना म्हणाले.

फोन कागदी पाकिटात गेला. मेणबत्तीवर लाख वितळवून त्यावर शिक्का मारला. माझ्यासमोर पानं आली. अंगझडती घेण्यास नकार दिला. स्वखुशीने उघडून दिला. मी नानांकडं पाहिलं. त्यांनी आपली सही आधीच केली होती, गोल, टपोरी.

"नाना, झडती तर घेतली त्यांनी," मी कुजबुजले.

"आता परत कोण टाईप करणार, ताई," नाना म्हणाले. त्यांचे डोळे ओले दिसले, पण ते लाखेच्या धुरानंही असेल. "करा सही."

मी दोन्ही पानांवर सही केली. वेळ बारा वाजून पस्तीस मिनिटं.

बाईंना त्यांनी बरोबर घेतलं. त्या पुढच्या दुसऱ्या गाडीत बसल्या. जाताना त्या खाटेपाशी वाकल्या आणि गोधडीवरून हात फिरवून म्हणाल्या, "आत्या, शेजारच्या शेवंताला सांगितलंय. जेवून घ्या." गोधडी हलली नाही.

परतीच्या वाटेवर पाचारणे आमच्या गाडीत नव्हते. मी पर्स उघडली. फोन काढला. ढेरेबाईंच्या नंबरवरचं संभाषण शोधलं, आता पुसायला म्हणून. ते नव्हतं. त्यांचा नंबरही नव्हता. मी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं : आई, भाऊ, साहेब, मांजराचे फोटो.

त्यांनी स्वतःच्या फोनमधलं पोलीस येण्याआधीच पुसलं होतं. माझ्या फोनमधलं माझ्यादेखत, खिडकीच्या उजेडात, आमच्याकडं पाठ करून.

नाना तंबाखू मळत होते. "पहिली बाई, जिनं झडती घेतली," ते म्हणाले. "वीस झाले माझे."

आता तो आकडा खरा होता याचा पुरावा कुठंही उरला नव्हता. नोंदवहीत ओळ नव्हती, बाटली मी त्याच संध्याकाळी धुऊन टाकली होती. उरले होते ते फक्त माझे शब्द, आणि ते पानाच्या तळाशी लिहून झाले होते. गाडी नाक्यावर आली तेव्हा मला वाटलं, मागं वळायला सांगावं. ठाण्यात जाऊन सांगावं, की शाळेत निघत नाही पण माझ्याकडे निघाला. मग वाटलं, उद्या. त्या महिन्यात मी दर दिवशी ते उद्यावर टाकलं. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट वाढवून मिळालं.

खटला उभा राहायला सहा वर्षं लागली. तोवर ढेरेबाई निलंबित होत्या. सासू पहिल्याच वर्षी वारली. झडतीच्या दिवसानंतर ती सुनेशी एक शब्दही बोलली नव्हती, असं नानांनी कुठूनतरी ऐकून आणलं. मग नानाही गेले, आणि दोन पंचांपैकी मी एकटी उरले.

तालुक्याच्या कोर्टात मी पिंजऱ्यात उभी राहिले. मी तोवर कायम झाले होते. बाईंचे वकील तरुण होते आणि त्यांच्याजवळ पंचनाम्याची प्रत होती.

"बाईंना तुम्ही अंगझडती देऊ केलीत?"

"हो."

"त्यांनी ती घेतली?"

हा प्रश्न त्यांना कुणी सांगितला असणार ते उघड होतं. मी 'हो' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता : तुमच्याजवळ काय मिळालं? मग फोन. मग फोनमध्ये काय होतं. एकेका पायरीनं ते मला तिथं घेऊन गेले असते, जिथं मी सहा वर्षांत एकटीनं जाऊ शकले नव्हते. ढेरेबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्या माझ्याकडं बघत होत्या, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडं बघावं तसं.

"पंचनाम्यात आहे तसंच घडलं," मी म्हणाले.

"म्हणजे घेतली की नाही?"

"नाही."

"आणि फोन त्यांनी स्वखुशीनं उघडून दिला?"

"हो."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, त्यानं टाईप केलं, मी सही केली. निकाल पुढच्या महिन्यात लागला : सहा महिने कैद, आणि नोकरी गेली ती कायमची. निकालपत्रात पंच क्रमांक दोनच्या साक्षीचा उल्लेख 'निःपक्ष व शास्त्रीय पार्श्वभूमी असलेली साक्षीदार' असा होता.

साक्षीच्या दिवशी मी बाहेर पडले तेव्हा बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. मला त्यांच्यासमोरून जावं लागणार होतं. मी बोलणार नव्हते. त्याच बोलल्या.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

मी थांबले. मला वाटलं, आता त्या विचारतील. मी उत्तर शोधू लागले.

"विहिरीचं पाणी परत तपासलंत का कधी?"

"कुणी नमुना आणला नाही," मी म्हणाले. हे खरं होतं. सहा वर्षांत बोरतळहून एकही बाटली आमच्याकडे आली नव्हती.

"भितात," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "बोअर फेब्रुवारीत आटतो. पुढं जूनपर्यंत सगळे विहिरीवरच असतात." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही तरी आणायचात."

वकिलांनी त्यांना हाक मारली आणि त्या जिना उतरून गेल्या.

तो एप्रिलचा तिसरा आठवडा होता.